कॅरिआकूहून आलेली पत्रे

१

चोराने चांदीचे वाळे ट्रंकेतच ठेवले, कोरे लुगडे घडीसुद्धा न मोडता ठेवले आणि नेले काय, तर लाल फडक्यात बांधलेले पत्रांचे गाठोडे.

रावजी गुरुजींना ही बातमी शुक्रवारी शाळा सुटता सुटता कळली. चौथीची मुले मागच्या ओसरीत होती. तिथल्या सारवलेल्या जमिनीवर गुरुजींनी चुन्याने समुद्र आखला होता आणि त्यात नारळाच्या करवंट्या पालथ्या घालून बेटे मांडली होती. मोठी करवंटी बार्बाडोस. मग सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट, इवलेसे बेक्वे, ग्रेनाडा आणि ग्रेनाडाच्या डोक्याशी कॅरिआकू. मुंबई कुठल्या दिशेला, असे विचारले तर बावडा गावची पोरे गोंधळत. पण बार्बाडोसहून ग्रेनाडाला शिडाचे जहाज कुठल्या अंगाने जाते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येई.

हे सारे सोपानमुळे. धोंडाबाईचा हा एकुलता एक मुलगा गुरुजींच्याच हाताखाली शिकला, मुंबईत साखर कारखान्यांची यंत्रे बसवणाऱ्या एका कंपनीत फिटर झाला आणि चोपन्न सालच्या सुरुवातीला कंपनीने त्याला थेट बार्बाडोसला धाडले. तिकडचे गाळप संपले की त्याला लांब सुट्टी मिळे. त्या सुट्टीत तो मालाच्या जहाजांवर जागा मिळवून लहान लहान बेटे पालथी घाली आणि आईला पत्र लिही. धोंडाबाईच्या डोळ्यांत वडस वाढलेले. तिला अक्षर दिसत नसे आणि येतही नसे. म्हणून ती सुनेकडून, रतनकडून, दर शुक्रवारी पत्र वाचून घेई आणि तेवढ्याने भागत नसे म्हणून वाटेने जाणाऱ्या प्रत्येक लिहित्या-वाचत्या माणसाला हाक मारी. गुरुजी ती पत्रे मुलांसाठी एका वहीत शब्दन् शब्द उतरवून घेत.

"गुरुजी, काकीनं बोलावलंय," दारातून कुंडलिक म्हणाला. हा सोपानचा चुलतभाऊ. "सोपाची पत्रं गेली. समदीच्या समदी."

गुरुजी पोचले तेव्हा धोंडाबाई उघड्या ट्रंकेपाशी बसून रिकाम्या तळावरून हात फिरवत होती. रतन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बाजेवर कुंडलिकचे वडील, म्हणजे धोंडाबाईचे दीर आबासाहेब, काठी आपटत बसले होते आणि समोर अंगणात पोस्टमन इस्माईल टोपी हातात घेऊन उभा होता.

"दुपारी हाच आला हुता," आबासाहेब म्हणाले. "रतन मळ्यात. वैनी एकटी. ह्यानं निरवांगीहून आलेलं कार्ड वाचून दाखवलं, पाणी पिला, आन् वैनीचा डोळा लागला. फुडं काय झालं ते सांगायला पायजे व्हय?"

"आबा, मी ट्रंकेला हात लावला न्हाय. पोरीची शपथ."

"त्या पोरीलाच तिकिटांचा नाद हाय म्हनं. गुरुजी, तुमीच बगा. गेलं दीड वर्स सोपानच्या पत्राला पाकीटच न्हाय! रतन पोष्टातनं नुसता कागद आनती. इचारलं तर म्हनती, पाकीट तितंच ऱ्हायलं. ज्यानं पाकिटं खाल्ली त्यानंच पत्रं खाल्ली. मंगळवारी मला मुंबईला जायाचंय, सोपानच्या कंपनीत. म्हटलं पत्रं दाखवू, सायबाला म्हनू, तीन वर्सं झाली, आता लेकरू परत आना. तर पत्रंच गायब! सोमवारी पोष्टाचा सायेब इंदापुरात हाय. मी अर्ज देनार. ह्याची थैली काढून घेतल्याबिगर ऱ्हानार न्हाय."

इस्माईल एकदम पुढे आला.

"आबा, कसली पाकिटं? मी दीड वर्सात ह्या घरी फॉरेनचं एकबी पत्र आनलेलं न्हाय. आलंच न्हाय, तर देनार कुठलं?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, मार्गशीर्षात आलेले सोपानचे पत्र त्या अंगणात बसलेल्या प्रत्येकाने स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

"ऐकलं?" आबासाहेब काठी टेकत उठले. "आता तर तोंडावर खोटं बोलाय लागला!"

२

शनिवारी सकाळची शाळा आटोपून गुरुजी इस्माईलच्या घरी गेले. तो ओट्यावर बसला होता. खाकी कोट खुंटीला टांगलेला, थैली मांडीवर. तिच्या पट्ट्याला तो तेल लावत होता.

"सोमवारी ह्यो पट्टा दुसऱ्याच्या खांद्यावर असंल गुरुजी," तो म्हणाला. "म्हटलं, देताना तरी कडक नगं."

"इस्माईल, मी सतरा वर्षे तुझ्या हातून पत्रे घेतोय. मला नीट सांग. फरिदाकडे तिकिटे किती?"

त्याने आत हाक मारली. फरिदाने वही आणली. तिच्यात परदेशी तिकीट एकच होते, सेंट लुसियाचे. ते गुरुजींनीच तिला पाढे पाठ केल्याबद्दल बक्षीस दिले होते आणि त्यांनी ते धोंडाबाईकडून मागून आणले होते. गुरुजींनी वही मिटून पोरीच्या हातात दिली.

"रतन पोस्टात पत्र न्यायला येते?"

"कार्ड, तिकीट न्यायला येतीया. पन बावड्याचं टपाल थैलीतनं मीच काढतो. शेवटचं फॉरेनचं पाकीट पंचावन साली आलं, दसऱ्याच्या आसपास. त्याच्यावर जायफळाचं चित्र हुतं का कायसं, म्या सोता रतनवैनींच्या हातात दिलं. त्यानंतर..." तो थांबला.

"त्यानंतर?"

"फॉरेनचं न्हाय. पन एक रजिस्टर आलं हुतं. मुंबईचं. लांब पाकीट, इंग्रजी टाइप केलेलं. त्या दिवाळीच्या तोंडावर. रतनवैनींनी सही करून घेतलं." इस्माईलने आठवून आठवून सांगितले. "सही करताना म्हनाल्या, आत्याबाईला बोलू नगा, इंग्रजी कागद बगून घाबरतील. मी बोललो न्हाय. आजवर कुनाला बोललो न्हाय."

"आणि काल का नाही सांगितलेस?"

"बाईमानसाला शब्द दिला हुता गुरुजी. चोर म्हनून घेतलं म्हनून शब्द मोडायचा व्हय?"

गुरुजी उठले. माघातला कोरडा वारा गल्लीतून धूळ उडवत होता. या माणसाने खरे सांगितले म्हणून तो खोटा ठरला होता, आणि त्याची नोकरी वाचवायला आता जेमतेम दीड दिवस उरला होता.

३

कुंडलिकचे घर धोंडाबाईच्या घराला लागूनच. मधली भिंत कंबरेएवढी; कुणीही पाय टाकून पलीकडे जावे. गुरुजींनी ती भिंत डोळ्यांनी मोजली हे कुंडलिकच्या लक्षात आले.

"मापं घेऊ नगा गुरुजी. मी उडी मारली आसती तर वाळं आधी उचललं आसतं," तो हसला. "पत्रं घिऊन काय चुलीत घालू?"

"पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून तुझे रतनशी वाजले म्हणे."

"वाजलं, मिटलं. ती बाई एकटी दोन एकर वांगी काढती, मलाच लाज वाटती भांडायला."

आतून सरुबाई, त्याची बायको, ताकाचा तांब्या घेऊन आली. बोलायला ती टपलेलीच होती.

"ह्यास्नी कौतिक लई. पन मला इचारा गुरुजी. पयली सादी हुती रतनबाई. आता फॉरेनवाली झाली! दोन संक्रांती झाल्या, माझ्या घरी हळदीकुकवाला पाय न्हाय टाकला. गेल्या साली म्हनली डोकं दुखतंय, औंदा म्हनली मळ्यात पानी हाय. आक्ख्या आळीत कुनाकडंच जात न्हाय. माझ्या भाचीचं लगीन झालं, वटी भरायला हाक मारली, तर ही माझी आई कवाड लावून बसली!"

"आगं, घरात म्हातारी आजारी."

"म्हातारी? म्हातारी तर पत्रं ऐकून ठणठणीत झालीया. बारामतीची डाक्तरीन म्हनली हुती सा म्हयनं काडंल. आज दीड वरीस झालं, दोन भाकरी खाती." सरुबाईने पदर खोचला. "न्हवऱ्याचा पगार मोठा झाला की बाईला आमच्या हळदीचा वास येत आसंल."

कुंडलिक हसला. गुरुजी हसले नाहीत. ताक तोंडाला न लावताच त्यांनी तांब्या खाली ठेवला. सरुबाईला ज्याचा राग आला होता तो गर्व असेल, तर तो फार विचित्र गर्व होता. रतन शेजारणीकडे मीठ मागायला जाई, कुणाचे मूल आजारी असले तर धावत जाई. ती फक्त जिथे कुंकू लावतात तिथे जात नव्हती.

४

घरी येऊन गुरुजींनी आपली वही काढली. चोराने एका गोष्टीचा विचार केला नव्हता: कागद गेले तरी मजकूर इथे होता. तेरा पत्रे, तारखांसकट.

मुलांचे गणित तपासावे तशी त्यांनी एकेक ओळ बोटाखालून घातली. चोपन्नच्या ऑगस्टमधले पत्र, सेंट लुसियाहून:

"इकडे ऊस माघात तोडायला लागतात आणि ज्येष्ठात गाळप संपते. आपल्या दसरा-दिवाळीला कारखाना अगदी सुना असतो. म्हणून मला या दिवसांत हिंडायला मिळते. या बेटावर दोन डोंगर सुळक्यासारखे समुद्रातून वर आले आहेत. सौ. रतनला सांगावे की इथे केळीच्या बागा आपल्यासारख्याच आहेत."

मग बेक्वे, तिथले देवमाशांची शिकार करणारे नावाडी. मग पंचावन्न साल, ग्रेनाडा. सप्टेंबरच्या सतरा तारखेचे पत्र: "परवा-तेरवा एका शिडाच्या जहाजाने कॅरिआकूला निघतो. तिथे लोक समुद्राकाठीच जहाजे बांधतात. सौ. रतनला सांगावे की पुढचे पत्र तिथून." हे सातवे.

आठवे कार्तिकातले, कॅरिआकूचे. अक्षर बदललेले. गुरुजींना आठवले, पत्रातच खुलासा होता: दोरखंडात अडकून उजवा हात मोडला, आता डाव्या हाताने लिहितो आहे. पुढे वाचता वाचता त्यांचे बोट एका ओळीवर थांबले.

"दसऱ्याला कारखाना पेटला, आता रात्रंदिवस गाळप चालू आहे, म्हणून सुट्टी संपवून लवकर परत जावे लागेल."

गुरुजींनी चष्मा पुसला. दसऱ्याला कारखाना पेटतो, पण तो इंदापुरात, बारामतीत. या पट्ट्यातल्या कुणालाही विचारा, दसरा म्हटले की त्याच्या नाकात मळीचा वास येतो. सोपान हात मोडल्यावर डाव्या हाताने लिहील, शुद्धलेखन चुकेल, आईला घाबरवू नये म्हणून थोडे खोटेही लिहील. पण बार्बाडोसच्या कारखान्यातला फिटर तिथला कारखाना कधी सुरू होतो हे चुकणार नाही. हे पत्र लिहिणाऱ्याने ऊस पाहिला होता, समुद्र पाहिला नव्हता.

म्हणजे इस्माईल खरे बोलत होता. पत्रे आलीच नव्हती. ती गावातच लिहिली गेली होती.

पण कोणी? बावड्यात लिहिता येणारी माणसे चाळीस-पन्नास. गुरुजींनी आठव्यापासून तेराव्या पत्रापर्यंत पुन्हा वाचले. काहीतरी कमी होते. शब्द होते, बेटे होती, मायाही होती, पहिल्या सात पत्रांपेक्षा जास्तच होती. तरी पंगतीत मीठ वाढायचे राहून जावे तसे काहीतरी राहिले होते.

"रतनला सांगावे की काळजी करू नये."

"रतनने डोळ्यांचे औषध वेळेवर घालावे."

त्यांनी झटकन मागची पाने उलटली. सात पत्रांत अकरा वेळा "सौ. रतन". पुढच्या सहा पत्रांत नऊ वेळा नुसते "रतन". एकदाही सौ. नाही. आधी त्यांना वाटले, उतरवताना आपल्याच हातून सुटले असेल. पण नऊ वेळा? पोरांना अनुस्वारासाठी उठाबशा काढायला लावणारा मास्तर नऊ वेळा अक्षर गाळत नाही.

जे एकदा सुटते ती चूक. जे नऊ वेळा सुटते ते माणूस मुद्दाम टाळत असतो.

आणि मग सरुबाईचे बोलणे त्यांच्या कानांत पुन्हा वाजले. "देवा," ते रिकाम्या खोलीत म्हणाले, "हे माझे चुकलेले गणित असू दे."

५

रविवारी पहिल्या एस.टी.ने ते बारामतीला गेले. वाचनालयाच्या माडीवर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले होते. ग्रंथपाल त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने पंचावन्नचा सप्टेंबर शोधून दिला आणि धूळ झटकायला फडकेही दिले.

"काय बघताय गुरुजी?"

"हवामान," गुरुजी म्हणाले.

पंचवीस तारखेच्या अंकात, आतल्या पानावर, एका तेलाच्या जाहिरातीच्या वर ती बातमी होती. बोटाच्या दोन पेरांएवढी. वेस्ट इंडीज बेटांना प्रचंड चक्रीवादळाचा तडाखा. बार्बाडोस, ग्रेनाडा व कॅरिआकू येथे मोठी मनुष्यहानी. घरे जमीनदोस्त, जहाजे बुडाली. वादळाची तारीख बावीस.

दीड वर्षापूर्वी हा अंक बावड्यातही आला असेल. कुणीतरी तो वाचून त्यात भजी बांधली असतील. गुरुजींनी स्वतः वाचला असता, तरी करवंट्यांच्या समुद्रात वादळ येऊ शकते हे त्यांच्या मनात आले असते का? ते पोरांना बेटांची नावे शिकवत राहिले होते. सोपान कॅरिआकूला काय खातो, कुठे झोपतो, हे कार्तिकातही विचारत राहिले होते.

परतीच्या एस.टी.त शेजारचा माणूस कांद्याच्या भावाबद्दल बोलत होता. गुरुजी मान हलवत राहिले. चोर सापडला होता. पण चोराचे नाव गावात सांगितले की एक म्हातारी मरेल, न सांगितले की एका पोस्टमनचे घर बसेल.

६

रतन मळ्यात वांग्याला पाणी देत होती. गुरुजी बांधावर बसले. तिने सरीचे तोंड खोऱ्याने बुजवले, दुसरे फोडले आणि मग पदराने हात पुसले.

"बारामतीला गेला हुता म्हनं," ती म्हणाली.

"हो. रतन, तू सातवीत होतीस तेव्हा मी पत्रलेखन शिकवले होते. वडिलांना काय लिहायचे, नवऱ्याला काय, सुवासिनीच्या नावाआधी काय. आठवते?"

पाणी सरीतून चालले होते.

"तुझे एक चुकले, बाळ. बार्बाडोसचा कारखाना दसऱ्याला पेटत नाही. ते अज्ञान होते, त्याचे गुण मी कापले नसते. पण दुसरे... नऊ वेळा तू स्वतःच्या नावाआधीचे अक्षर लिहिले नाहीस."

रतन सरीच्या कडेला बसली. तिच्या हातातले खोरे चिखलात पडले.

"समदं खोटं लिवलं गुरुजी," ती म्हणाली. "दर्या लिवला. जहाज लिवलं. नारळाच्या बागा लिवल्या. ह्यांचा हात मोडल्याचंबी लिवलं. तेवढं एक अक्षर लिवंना. दौतीत टाक बुडवायची आन् हात थांबायचा. कपाळाला कुकू लावून फिरत हुते, आत्याबाईसमोर, लोकांसमोर. आरशात न बगता लावायची. पन कागदावर लिवणं म्हंजे... देवाला फसवल्यावानी वाटायचं."

"मुंबईच्या त्या रजिस्टरात सोपान गेल्याची बातमी होती?"

"इंग्रजी मला कुठलं येतंय? त्याच आठवड्यात आत्याबाईला डोळ्यासाठी बारामतीला न्यायचं हुतं. डाक्तरीनबाईला गुपचूप कागद दावला. त्यांनी वाचला, माझा हात धरला. जहाज कॅरिआकूपातूर पोचलंच न्हाय. मानूस सापडला न्हाय. मग त्यांनीच सांगितलं, सासूबाईंचं काळीज लई नाजूक हाय, म्हयनं मोजायचं, धक्का देऊ नका. घरी आले तर शुक्कीरवार. आत्याबाई म्हनल्या, वाच की गं पोरी, नवं काय आलं का. म्हटलं, येवढ्या एका शुक्कीरवारापुरतं."

"आणि ते सहा झाले."

"त्यांना गुण येत गेला, गुरुजी. मी लिवलं की त्या एक भाकर जास्ती खायच्या. मग थांबू कशी?" तिने चिखलाचे हात गुडघ्यांवर घासले. "आबासायब मुंबईला कागद नेनार म्हनल्यावर मी ती कणगीत जोंधळ्याखाली पुरली. पन आळ इस्माईलभाईवर यील हे डोक्यात आलं न्हाय. पाकीट पोष्टात ऱ्हायलं म्हनून मीच सांगितलं हुतं. दोन रात झोपले न्हाय. गुरुजी, सापडली म्हनून सांगू? उंदरानं वढली म्हनून?"

गुरुजींनी यावर एस.टी.त बसून विचार केला होता.

"सापडली तर आबासाहेब ती घेऊन मंगळवारी कंपनीत जातील. तिथला साहेब त्यांना काय सांगेल? आणि मग ते परत येऊन धोंडाबाईच्या दारात कसे ओरडतील? सापडली नाहीत तर उद्या इस्माईल जाईल. तिसरा रस्ता मी फार शोधला, रतन. मला सापडला नाही."

ती उठली. पाट बंद केला. मग पाटाच्या वाहत्या पाण्यापाशी वाकून तिने ओंजळीने कपाळ धुतले, एकदा, दोनदा, लाली जाईपर्यंत. दगडावर हात टेकून तिने बांगड्या वाढवल्या. गुरुजी दुसरीकडे पाहत राहिले.

"चला," ती म्हणाली. "सांगायचं तर मीच सांगते. तुमी निस्तं संगं ऱ्हावा."

७

धोंडाबाई पडवीत बसली होती. पावले ओळखून म्हणाली, "रतन? संगं कोन, गुरुजी व्हय? घावला का चोर?"

रतन तिच्यासमोर बसली. तिने सासूचा हात उचलला आणि आपल्या कपाळावर ठेवला.

म्हातारीची बोटे कपाळावरून फिरली. ओले होते. बोटे मधोमध थांबली, पुन्हा फिरली. मग ती मनगटावर उतरली, एकावर, मग दुसऱ्यावर. स्वतः वीस वर्षे विधवा असलेल्या बाईला पुढे काही सांगावे लागले नाही.

"कवा?" तिने विचारले.

"पंचावन साली. भादव्यात. वादळात."

गुरुजी तिच्या छातीकडे पाहत होते. वैद्याला हाक मारायची तयारी ठेवून. पण धोंडाबाई कोसळली नाही. ती महिने मोजत होती. ओठ हलत होते.

"सतरा म्हयनं," ती म्हणाली. "त्याचं दिस न्हाय घातलं कुनी. दोन पितर पंधरवडं गेलं, पान न्हाय वाढलं. मी हितं दोन-दोन भाकरी खाल्ल्या आन् माझं लेकरू सतरा म्हयनं उपाशी फिरतंय." आणि मग ती जी रडली, ती आळीने ऐकली. सरुबाई भिंतीपलीकडून धावत आली, रतनच्या कपाळाकडे पाहून जागच्या जागी खिळली, आणि तिने पदर तोंडात कोंबला.

गुरुजी तिथून आबासाहेबांकडे गेले. आबासाहेबांनी सगळे ऐकले. मग पागोटे घातले आणि एकटेच इस्माईलच्या गल्लीत गेले. तिथे काय बोलणे झाले ते कुणाला कळले नाही. सोमवारची इंदापूरची गाडी मात्र त्यांना न घेताच गेली.

गुरुजी परत आले तेव्हा ऊन उतरले होते. रतनने कणगीतून गाठोडे काढून सासूपुढे ठेवले होते. लाल फडक्यातून जोंधळ्याचे दाणे गळत होते.

"गुरुजी, ह्यातली माझ्या सोपाची येगळी काढा," धोंडाबाई म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "आन् वाचा."

गुरुजींनी सात पत्रे वेगळी केली आणि वाचायला घेतली. सोपान चांगला मुलगा होता. त्याने डोंगर लिहिले होते, बंदरे लिहिली होती, कुठल्या जहाजाला किती शिडे होती ते लिहिले होते. प्रत्येक पत्राच्या शेवटी मातोश्रींना साष्टांग नमस्कार होता.

"त्ये कुठाय?" म्हातारीने मध्येच विचारले. "बेटावरच्या म्हातारीचं? ती मासं भाजत हुती, आन् तिचा हात माझ्या हातासारका हलत हुता म्हनून ह्यो तितं घटकाभर बसला, त्ये?"

गुरुजींनी कागद चाळले. "ते यात नाही, धोंडाबाई."

"आन् सपनात मी उंबऱ्यात हुबी ऱ्हाऊन त्याला हाका मारत हुते, त्ये?"

"तेही नाही."

धोंडाबाईने मान रतनच्या दिशेने वळवली. रतन खाली पाहत होती. बाहेर कुंडलिक कुणाला तरी सांगत होता की उद्या पहाटे सोपाचे दिवस घालायला नरसिंहपूरला, संगमावर जायचे, गाडी जुंपा.

म्हातारीने चाचपडत हात पुढे केला. सात पत्रे गुरुजींकडून घेतली आणि रतनच्या मांडीवर ठेवली.

"ही तुझ्या न्हवऱ्याची. तू ठेव."

मग उरलेले सहा कागद तिने चापून चोपून नीट केले, छातीशी धरले, आणि थोड्या वेळाने त्यातला एक काढून सुनेपुढे धरला.

"वाच," ती म्हणाली. "त्याचं नाव घिऊ नगंस आता. तू लिवलंस, तुझं म्हनून वाच."

रतनने कागद घेतला. पहिली ओळ तिला वाचता आली नाही. गुरुजी हळूच उठले, पायात वहाणा सरकवल्या. ते अंगणाच्या कडेला पोचले तेव्हा मागून आवाज आला, फाटलेला, पण शब्द स्पष्ट होते.

"आत्याबाई," रतन वाचत होती, "मी इथे बरी आहे. तुमची फार आठवण येते..."